न परतणारी गावपळण

मालवण तालुक्यातल्या आचरे गावात काही वर्षांच्या अंतराने एक विलक्षण गोष्ट घडते. रामेश्वराचा कौल होतो आणि ठरल्या दिवशी अख्खे गाव घरांना कड्या घालून वेशीबाहेर पडते. म्हातारी-कोतारी, तान्ही मुले, गुरे, कोंबड्या, कुत्री-मांजरे, कोणी म्हणून मागे राहत नाही. वेशीपलीकडे, खाडीकाठी, माळावर खोपी उभ्या राहतात. तीन दिवस आणि तीन रात्री माणसे तिथे एकत्र रांधतात, गातात, गप्पा मारतात. चौथ्या दिवशी देवाला पुन्हा कौल लावला जातो. कौल मिळाला की सगळे आपापल्या घरी परततात आणि थंड पडलेल्या चुली पुन्हा पेटतात. या प्रथेला म्हणतात 'गावपळण'. शेजारच्या चिंदर, वायंगणी या गावांतही ती आहे. कोणी म्हणतात, भुताखेतांना तीन दिवस गाव मोकळे करून द्यायचे. कोणी म्हणतात, गावची हवा शुद्ध व्हावी म्हणून पूर्वजांनी हे योजले. कारण काहीही असो. मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती एकच गोष्ट, माणसे परत येतात.

गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीत गेलो होतो. वाडी त्याच तालुक्यात, खाडीच्या एका फाट्याशी. वर जांभ्याचा उघडा सडा, मधे उतारावर काजू-आंब्याची कलमे आणि घरे, खाली माडांची रांग, त्यापलीकडे भाताचे कुणगे आणि शेवटी खारे पाणी. बावीस घरांपैकी उघडी नऊ. बाकीच्यांच्या खळ्यात गवत वाढलेले, एका घराच्या पडवीचा वासा मोडून कौले खाली आलेली. काकी आमच्या घरात एकटीच राहते. संध्याकाळी ओटीवर बसून तिला गावपळणीविषयी विचारले, तर ती हसली आणि समोरच्या बंद घरांकडे हात करून म्हणाली, "गाव पळतां, पण कौल झालो की परत येतां रे झिला. ह्येंका परतुचो कौल कोण देतलो?"

तिच्या त्या प्रश्नाने मला मुंबईला परत आल्यावरही स्वस्थ बसू दिलेले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

वाडी म्हणजे काय?

घाटावरच्या वाचकांना आधी हे सांगायला हवे की कोकणातले गाव हे देशावरच्या गावासारखे एका पांढरीत दाटीने वसलेले नसते. इथे गाव म्हणजे कागदावरचे एक नाव. प्रत्यक्षात असतात त्या वाड्या. कोणी डोंगराच्या कुशीत, कोणी व्हाळाच्या काठी, कोणी खाडीच्या तोंडाशी. एका वाडीतून दुसरीत जायला चढण चढावी लागते, साकव ओलांडावा लागतो. पाऊस सरासरीने तीन हजार मिलिमीटरच्या वर. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन वाड्यांमधले एक किलोमीटर हे एक किलोमीटर राहत नाही. आणि गंमत अशी की एवढा पाऊस पिऊनही एप्रिल-मे मध्ये याच वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि उतार त्याला थांबू देत नाही.

माणूस जगतो वाडीत, सरकार मोजते ते महसुली गावाला. 'गावात शाळा आहे', 'गावात रस्ता आहे', 'गावात नळयोजना आहे' ही वाक्ये कागदावर खरी असतात आणि तीन किलोमीटरवरच्या वाडीपुरती खोटी असतात. वाडीतले शेवटचे घर बंद झाले, तरी गाव कागदावर शाबूतच असते. त्यामुळे वाडी मेली तर तिची कुठे नोंदही होत नाही.

गावांचीही नोंद फारशी आशादायक नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८२ हजारांनी आणि सिंधुदुर्गाची सुमारे १९ हजारांनी घटली. म्हणजे दहा वर्षांत या दोन जिल्ह्यांतून एक लाख माणूस वजा झाला. नेमक्या त्याच दशकाच्या तोंडाशी, १९९८ साली, कोकण रेल्वे पूर्ण झाली होती. रेल्वे आली की कोकण भरभराटीला येईल असे आपण सगळेच म्हणत होतो. रेल्वे दोन्ही दिशांनी धावते याचा आपल्याला विसर पडला होता. २०२१ ची जनगणना लांबली; आता २०२७ च्या जनगणनेत काय दिसेल, हे वाडीत चार दिवस राहिलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही.

माणसे का गेली?

माणसे मजा म्हणून गेलेली नाहीत. कोकणी माणूस आळशी, म्हणून कोकण दरिद्री, असे म्हणणाऱ्यांनी एकदा जूनच्या पावसात गुडघाभर चिखलात उभे राहून लावणी करावी. गुंठ्या-गुंठ्यांचे कुणगे, वर्षाला भाताचे एक पीक आणि खाणारी तोंडे दहा. त्यामुळे शे-दीडशे वर्षांपूर्वीच मुंबईच्या गिरण्यांनी इथला धाकटा भाऊ उचलला. लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या झाल्या. एकेका खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपत आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर गावाकडे येई. वाडी चालली ती बाईच्या कष्टावर आणि त्या मनीऑर्डरीवर. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप झाला आणि ही दुहेरी व्यवस्था मोडली. जे मुंबईत टिकले त्यांनी पुढे बायको-मुले तिकडेच नेली. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेवर स्त्रिया होत्या. बाहेरचे लोक हा आकडा कौतुकाने सांगतात. पण तो मुलींच्या मानाचा कमी आणि पुरुषांच्या गैरहजेरीचा अधिक आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. आमच्या वाड्यांची नावे जातींवरून पडलेली होती. कोण विहिरीच्या वर राहणार, कोण खाली राहणार, हे जन्माआधी ठरलेले असे. राज्य सरकारने २०२० च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, पण बोलण्यातली नावे अजून पुरती गेलेली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्याच बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत खेड्यांच्या गुणगानाला कडक शब्दांत विरोध केला होता. ज्यांना वाडीने वेशीवर ठेवले, त्यांनी वाडी सोडताना मागे वळून का पाहावे? तेव्हा 'जुनी वाडी परत आणा' असे मी म्हणणार नाही. जुनी वाडी जशीच्या तशी परत येऊ नये. माझे म्हणणे एवढेच आहे की जे आजही तिथे राहतात, आणि ज्यांना राहायचे आहे, त्यांना राहणे अशक्य होऊ नये.

सात मुलांची शाळा

आमच्या वाडीत जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. पट सात. कागदाच्या हिशेबाने ही शाळा तोट्याची. २०२३ साली राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचे एकत्रीकरण करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आणला. पानशेत आणि तोरणमाळ इथले प्रयोग त्यासाठी नमुना म्हणून दाखवले गेले. अशा कमी पटाच्या शाळा राज्यात त्या वेळी सुमारे पंधरा हजार होत्या. या विचारात काहीच तथ्य नाही असे नाही. सात मुले चार इयत्तांत वाटली की वर्गात मित्र उरत नाही, खेळायला संघ होत नाही, शिक्षक एकटा पडतो. मोठ्या शाळेत ग्रंथालय असेल, मैदान असेल, गाणे शिकवणारे कोणी असेल. हे सगळे मान्य.

पण सहा वर्षांच्या मुलीने जुलै महिन्यात भरलेला व्हाळ ओलांडून त्या मोठ्या शाळेत जायचे कसे? शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. ते किलोमीटर नकाशावर मोजायचे की मुलीच्या पायांनी? वाहन देऊ म्हणतात. वाहन यायला रस्ता लागतो, आणि आमच्या वाडीचा रस्ता वरच्या सड्यावर येऊन थांबतो. खाली उतरते ती पाणंद.

शिवाय वाडीतली शाळा ही फक्त शाळा नसते. तिथेच पोलिओचा डोस पाजतात, तिथेच मतदान होते, पुरात तिथेच माणसे आसऱ्याला येतात. ज्या वाडीत शाळा नाही, तिथे तरुण जोडपे राहायला तयार होत नाही. म्हणजे मुले कमी म्हणून शाळा बंद करायची आणि शाळा बंद म्हणून मुले आणखी कमी होणार. विहिरीत पाणी कमी आहे म्हणून झराच बुजवण्यासारखे हे आहे. माझे म्हणणे, निर्णय पटसंख्येवर नको, वाटेवर हवा. जिथे बारमाही सुरक्षित वाट आणि वाहन आहे तिथे खुशाल शाळा एकत्र करा. जिथे नाही तिथे शेवटच्या मुलापर्यंत ती चालवा, आणि आठवड्यातून एकदा तीन-चार वाड्यांची मुले एकत्र आणा.

फुटलेला बांध

सरकारला एवढे सांगितल्यावर आता थोडे आपल्याकडे, म्हणजे माझ्याकडे, वळतो.

आमचे खालचे कुणगे खाडीलगतचे. त्यांना खाऱ्या पाण्यापासून वाचवतो तो दगड-मातीचा बांध. त्याला मधे उघाडी असते. ओहोटीला तिची झापडे उघडून शेतातले पावसाचे पाणी बाहेर जाते, भरतीला ती मिटतात. हा बांध कोणा एकाचा नसतो. ज्याची जमीन जिथे लागते, तेवढा तुकडा त्याने दरवर्षी पावसाआधी डागडुजी करायचा. खेकडे बिळे पाडतात, लाटा माती नेतात, म्हणून हे काम चुकवून चालत नाही. सरकारच्या खारभूमी योजना आहेत, १९७९ चा कायदाही आहे. पण आमचा बांध कोणत्याही योजनेत बसलेला नाही. तो आजोबांच्या पिढीने बांधला आणि वडिलांच्या पिढीने राखला.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या दादांचे पत्र आले. आमच्या वाट्याचा तुकडा खचला आहे, माणसे लावायला पैसे पाठवा किंवा कोणीतरी या, असे त्यात होते. मी ते पत्र थोरल्या भावाला वाचून दाखवले. त्याने पुण्यातल्या चुलतभावाला कळवले. चुलतभाऊ म्हणाला, आपण शेती करतच नाही, तर खर्च कशाला? पत्राला उत्तर गेले नाही. पुढच्या मोठ्या उधाणाला बांध नेमका तिथेच फुटला. आमची जमीन पडीकच होती, आमचे काही गेले नाही. खारे पाणी पुढे सरकले आणि दादांचे तीन कुणगे बुडाले. मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात, तेही बांध पुन्हा उभा राहिला तरच. तो राहिला नाही. आता तिथे कांदळवन रुजले आहे. कांदळवन मासळीला चांगले, किनाऱ्याला चांगले, आणि कायद्याने ते तोडता येत नाही, हेही योग्यच. पण दादांच्या घरी त्या वर्षापासून भात विकत येतो. गेल्या मे मध्ये त्यांनी मला चहा दिला, मुलांची चौकशी केली, बांधाविषयी एक शब्द काढला नाही. ते काही बोलले असते तर बरे झाले असते.

आपण चाकरमानी स्वतःशी असे म्हणत असतो की आपण फक्त निघून आलो, कोणाचे काही बिघडवले नाही. वाडीत ते खरे नसते. वाडी ही बांधासारखी आहे. प्रत्येकाच्या वाट्याला तिचा एक तुकडा आलेला आहे, आणि गैरहजर माणसाच्या तुकड्यातूनच पाणी आत शिरते. माझे रान मी पडीक ठेवले की त्यात डुक्कर आणि वानर मुक्काम करतात आणि शेजाऱ्याचे पीक खातात. माझी पाणंद मी साफ केली नाही की पुढच्याची वाट बंद होते. माझ्या घराचे छप्पर कोसळले की शेजारच्या एकट्या म्हातारीला रात्री अधिक भीती वाटते.

एकतीस नावांचा सातबारा

मग जमीन कसायला दुसऱ्याला का देत नाही? याचे उत्तर आमच्या सातबाऱ्यावर आहे. त्यावर एकतीस नावे आहेत. त्यातली सहा माणसे हयात नाहीत, चार कुठे आहेत ते ठाऊक नाही. सामाईक जमीन, वाटप नाही, पोटहिस्से नाहीत. कोणाला कर्ज मिळत नाही, विहिरीचे अनुदान मिळत नाही, सह्या गोळा करता करता माणूस थकतो. त्यातून कुळकायद्याची जुनी धास्ती. १९४८ चा तो कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला न्याय दिला, यात शंका नाही. पण आजही कोकणातला लहान जमीनधारक 'कूळ लागेल' या भीतीने रान ओसाड ठेवतो, भाड्याने देत नाही. निती आयोगाने २०१६ साली शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा तयार करून राज्यांपुढे ठेवला होता, तो नेमका यासाठीच. कसणाऱ्याला ठरावीक वर्षांची हमी आणि मालकाला मालकीची हमी, एवढे साधले तरी वाडीतल्या नऊ घरांपैकी दोन-तीन तरुण उद्या आमचे कुणगे कसायला घेतील.

नाहीतर ती जमीन एक दिवस एकगठ्ठा विकली जाईल. दलाल गावोगाव फिरत आहेत. एकतीस सह्या जमवण्याचा धीर आपल्यात नसतो, त्यांच्यात असतो. समुद्र दिसणारा सडा कुंपणाआड जातो, गुरांची वाट बंद होते, आणि वाडीत ज्यांनी जन्म काढला त्यांना स्वतःच्या देवराईकडे जाताना पहारेकऱ्याला विचारावे लागते.

आपण गावासाठी काहीच करत नाही असेही नाही. दरवर्षी आपल्या मंडळाची सभा भरते. देवळाच्या जीर्णोद्धाराला आपण मोकळ्या हाताने देतो. जुनी कौलारू, लाकडी खांबांची देवळे पाडून संगमरवरी फरशीची देवळे उभी राहिली, वर देणगीदारांच्या पाट्या लागल्या. माझेही नाव एका पाटीवर आहे. श्रद्धेला माझा विरोध नाही. पण त्या रकमेच्या दशांशात आमचा बांध उभा राहिला असता आणि पाणंदीवर साकव झाला असता. रामेश्वराला आणि रवळनाथाला त्याचा राग आला असता असे मला वाटत नाही. बांधाला पाटी लावता येत नाही, एवढाच काय तो फरक.

काय करता येईल?

मोठ्या योजना सरकारने कराव्यात. वाडीला स्वतंत्र मोजण्याची सोय करावी, शाळेचा निर्णय वाट पाहून घ्यावा, भाडेपट्ट्याचा कायदा निर्धोक करावा. पण काही कामे सरकारची नाहीतच. सातबाऱ्यावरची मयतांची नावे कमी करून वारसनोंदी करणे, आपसात सहमतीने वाटप करणे, जो कसायला तयार आहे त्याला रान देणे, बांधाच्या आपल्या तुकड्याचे पैसे वेळेवर पाठवणे, बंद घराची किल्ली शेजारी ठेवून दरवर्षी कौले फिरवून घेणे. यातले कोणतेही काम करायला गावी कायमचे परतावे लागत नाही. मीही परतणार नाही. मुलांच्या शाळा, नोकरी, दवाखाने सगळे इथे आहे, खोटे कशाला बोला? पण न परतणाऱ्यालाही वाडीचे काही देणे लागते, एवढे तरी आपण मान्य करू.

वाडी टिकवायची कशाला, असेही कोणी विचारील. जगभर माणसे शहरात येतात, इथेही आली. मला याचे एक साधे उत्तर सुचते. खाडीच्या पाण्याची वेळ, कोणत्या महिन्यात कोणता मासा, कोणता माड पाडेली सोसतो, कोणत्या झऱ्याला मे मध्ये पाणी असते, हे ज्ञान पुस्तकात नाही. ते त्या नऊ घरांत आहे. ती माणसे किनाऱ्याची राखण करतात आणि त्याचा पगार मागत नाहीत. ती गेली की किनारा राहील, पण त्याला ओळखणारे कोणी राहणार नाही.

निघताना काकीने नेहमीप्रमाणे आमसुले, कुळथाची पिठी आणि दोन नारळ पिशवीत भरले. मी तिला म्हटले, मुंबईला चल, चार महिने राहा. ती म्हणाली, "आणि दिवो कोण लावतलो?" मला वाटले देवापुढचा दिवा. पण तिने बोट केले ते ओटीवरच्या बल्बकडे. संध्याकाळी तो लागला की खालच्या वाटेने येणाऱ्या दादांना आणि शाळेतल्या त्या सात मुलांपैकी दोघांना वर चढताना उजेड मिळतो.

काकीच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. परतीचा कौल देणारा मी कोण? पण यंदा चतुर्थीला जाऊ तेव्हा कपाटातला तो सातबारा बरोबर न्यायचा असे ठरवले आहे. एकतीस नावांपैकी निदान दहा तरी त्या वेळी वाडीत असतील. आरतीनंतर खळ्यात चटई टाकून बसायचे. आणि त्याआधी, एकट्याने, दादांच्या घरी जायचे आहे. त्या पत्राचे उत्तर अजून द्यायचे राहिले आहे.